हुरड्याचा मुक्काम सप्टेंबरात सुरू होतो

पाहुणे शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास येतात आणि रविवारी जेवण, डुलकी उरकून चारला निघतात. या एकोणतीस तासांत त्यांना कशाचीही घाई वाटली नाही, की शेतमुक्काम जमला असं समजायचं. पण ही निवांती आयती मिळत नाही, तिची तयारी तीन महिने आधी रानात सुरू झालेली असते.

आधी पत्ता. आमचं शेत कर्जत तालुक्यात, राशीन-भिगवण पट्ट्यात. कर्जत म्हटलं की मुंबईकरांना लोकलचं कर्जत आठवतं. हे ते नव्हे. हे अहिल्यानगर जिल्ह्यातलं, काळ्या रानाचं आणि ज्वारीचं कर्जत. बुकिंग झालं की नकाशाची खूण पाठवतो आणि खाली ठळक लिहितो, ‘रायगडचं नाही’. तरी हंगामात एखादी गाडी खोपोलीकडे वळतेच.

लोकांना हुरडा डिसेंबर ते फेब्रुवारी असा सलग हवा असतो. ज्वारीचा एक तुकडा मात्र हुरड्यात राहतो जेमतेम आठ-दहा दिवस. म्हणून एकदम पेरून चालत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत दर आठ दिवसांनी तीन-तीन गुंठे टोकायचे. पेरल्यापासून साधारण ९० ते १०० दिवसांत हुरडा तयार होतो, थंडी लवकर पडली तर शेवटचे तुकडे आणखी मागे रेंगाळतात. पहिल्या तुकड्यावर खोडमाशी जास्त येते, पोंगे जळतात, म्हणून त्याचं बी थोडं दाट टाकतो.

वाण राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे, फुले उत्तरा किंवा फुले मधुर. बांधाकडेला थोडी गावरान गूळभेंडी आणि सुरती. भाकरीला मालदांडीसारखी ज्वारी नाही. हुरड्याला मात्र तिचा दाणा तुसात घट्ट बसलेला असतो, चोळताना निम्मा कणसातच राहतो आणि पाहुण्यांच्या तोंडात कूस येते.

हिशेब असा. दोन सऱ्यांत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर धरलं तर गुंठ्यात चौदा-पंधराशे ताटं बसतात. पाखरं, माशी, पोकळ कणसं वजा करून हजार धरावीत. एका कणसातून ७० ते ९० ग्रॅम हुरडा निघतो, माणूस दोन-अडीचशे ग्रॅम खातो. म्हणजे माणशी चार कणसं, आणि जळालेली, हातातून सांडलेली धरून पाच. वीस पाहुण्यांना शंभर कणसं. तीन गुंठ्यांत यापेक्षा कितीतरी जास्त येतात हे खरं, पण ती सगळी एकाच दिवशी हुरड्यात नसतात. शनिवारी नेमकी शंभर हाताशी हवीत, तर रानात हजारभर उभी लागतात.

कणीस ओळखायचं ते नखाने. ज्वारी वरून खाली फुलत येते, त्यामुळे शेंड्याचे दाणे आधी पिकतात. शेंडा बघून कणीस तोडलं तर खालचा भाग कच्चा निघतो. म्हणून मधला दाणा दाबायचा. पांढरं दूध उडालं तर कणीस चिकात आहे, चार-पाच दिवस थांबा. मऊ, घट्ट गर बाहेर आला तर आजच तोडा. नख रुतलंच नाही तर दाणा निब्बर झाला, ते कणीस भाकरीसाठी सोडून द्या. तोडणी शनिवारी सकाळी सातला, दव असतानाच, आणि कणसाला वीतभर दांडा ठेवून. आदल्या संध्याकाळी तोडून ठेवलेल्या कणसाची गोडी उतरते. तोडलेली कणसं ओल्या पोत्याखाली झाकून सावलीत ठेवायची.

पाखरांचं वेगळंच. हुरड्याच्या ज्वारीचा दाणा गोड आणि सैल, पाखरांना ते आपल्याआधी कळतं. कणीस चिकात आल्यापासून माळ्यावर राखण लागते. पाहुण्यांच्या पोरांना गोफण फिरवायची असते. त्यांना दगड देऊ नये. चिखलाच्या वाळवलेल्या गोळ्या करून ठेवाव्यात आणि फिरवणाऱ्याच्या मागे कोणी उभं नाही हे बघावं. नवख्याच्या गोफणीतला गोळा हमखास मागे जातो.

बुकिंगचा फोन आला की तारीख शेवटी विचारतो. आधी किती माणसं, लहान मुलं किती, गुडघेदुखीचं कोणी आहे का, साखरेचा त्रास कोणाला, त्या दिवशी उपास कोणाचा, कांदा-लसूण चालतो का. जैन कुटुंबात चौविहार पाळणारे असतील तर सूर्यास्ताआधी जेवण तयार लागतं. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे त्यांची चूल साडेचारलाच पेटवावी लागते. हे ऐनवेळी कळलं की स्वयंपाकघरात धांदल उडते आणि पाहुणेही उपाशी राहतात. मग सांगायचं ते: दारू नाही, स्पीकर नाही. रात्री दहानंतर स्पीकरला कायद्यानेच बंदी आहे. आमच्याकडे तो सकाळी दहालाही नाही. यावर काही जण फोन ठेवतात. ठेवू द्यावा.

कागदपत्रं थोडक्यात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी. मुक्कामाच्या वहीत प्रत्येकाचं ओळखपत्र नोंदवायचं. परदेशी पाहुणा असेल तर तो आल्याच्या माहितीचा फॉर्म २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावा लागतो. पुण्यात शिकणारी परदेशी मुलं मित्रांबरोबर येतात आणि हा फॉर्म विसरला जातो.

आता आगटी. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

जमिनीत दीड फूट रुंद आणि वीतभर खोल खड्डा घ्यायचा. वाऱ्याची दिशा बघून बैठक वरच्या अंगाला मांडायची, नाहीतर सगळा धूर पाहुण्यांच्या डोळ्यात जातो. वीस माणसांना पंचवीसेक गोवऱ्या लागतात. त्या आठवडाभर आधी छपराखाली आणून ठेवाव्यात. डिसेंबरात पहाटे धुकं पडतं, उघड्यावरची गोवरी वरून कोरडी दिसली तरी आतून ओल धरते आणि नुसती धुमसते. आगटी पाहुणे यायच्या पाऊण तास आधी पेटवायची. ज्वाळ पूर्ण विझून निखाऱ्यावर पांढरी राख धरेपर्यंत कणसाला हात लावायचा नाही. ज्वाळेत धरलेलं कणीस बाहेरून काळं होतं आणि आत दाणा कच्चाच राहतो. पाहुण्यांना ते काळं कणीस बघून वाटतं, झालं. नुसत्या लाकडावरही हुरडा भाजता येतो, पण धुराचा वास दाण्यात उतरतो. गोवरीचा विस्तव मंद आणि सगळीकडून सारखा लागतो.

कणीस गरम राखेत आडवं सरकवायचं, दांडा बाहेर. दोन-तीन मिनिटांत फिरवत राहिलं की दाण्याचा तट्-तट् असा बारीक आवाज येतो आणि हिरव्या रंगावर ओलसर चमक चढते. तिथेच काढायचं. आणखी ठेवलं तर दाणे फुटतात, पाणी उडून चिवट होतात. काढल्यावर मात्र क्षणभरही थांबायचं नाही. कणीस गरम आहे तोवरच दाणा तूस सोडतो. राख झटकायची, पोत्याच्या तुकड्यावर धरून दोन्ही तळव्यांत चोळायचं, मग सुपात घेऊन दोनदा पाखडायचं. भाजायला एक आणि चोळायला दोन माणसं असली की वीस जणांची पंगत खंड न पडता चालते. चोळायला एकच असेल तर भाजलेली कणसं साठतात, गार होतात, आणि ‘यंदा हुरडा तुसाचा आहे’ असं ज्वारीच्या नावावर जातं.

पाहुण्यांना स्वतः चोळून बघायचं असतंच. त्यांच्यासाठी अर्धं मिनिट राखेबाहेर ठेवलेलं कणीस द्यावं, निम्मंच चोळायला सांगावं. सवयीच्या हाताला जे कोमट लागतं ते कीबोर्डवरच्या हाताला भाजतं. जवळ पाण्याची बादली ठेवावी.

सोबत शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, गूळ, रेवड्या, बोरं, दही. साखरेचा त्रास असणाऱ्यांसमोर गुळाची वाटी ठेवत नाही. मागितली तर देतो. हुरड्यावर लगेच पाणी पिऊ नये असं जुनी माणसं सांगतात, म्हणून ताकाचा माठ भरलेला असतो. हुरडा साडेअकरा ते एक. जेवण अडीचच्या आत नाही. पुष्कळ ठिकाणी एकला हुरडा आणि दीडला पंगत असते, त्यात दोन्ही वाया जातं. हुरडा पोटाला जड असतो. त्यावर लगेच भाकरी पडली की पाहुणा दुपारभर अंग टाकून पडतो, आणि रात्री त्याला जेवणच नको असतं.

हुरडा झालेल्या दुपारी माणशी दीड भाकरी जाते, रात्री अडीच. किलोभर पिठाच्या आठ भाकरी होतात. म्हणजे वीस जणांच्या रात्रीच्या पन्नास भाकऱ्यांना सव्वासहा किलो पीठ. एका चुलीवर सवयीची बाई तासाला पंचवीस-तीस भाकरी करते, तेव्हा दोन चुली हव्यातच, नाहीतर पहिल्या ओळीचं पोट भरतं तेव्हा शेवटची ओळ ताटाकडे बघत असते. पीठ त्याच आठवड्यातलं हवं. जुन्या पिठाची विरी जाते, थापताना भाकरी कडेने चिरते. वेळ आलीच तर उकळत्या पाण्यात पीठ मळून निभावता येतं, पण ती भाकरी गार झाल्यावर वातड लागते. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. डाळीला आणि चहाला फिल्टरचं पाणी वापरतो. कालवण फार मांडत बसत नाही: दुपारी पिठलं, ठेचा, वांग्याची भाजी, रात्री हुलग्याचे शेंगोळे किंवा येसराची आमटी. पनीरची मागणी होते. नाही म्हणतो.

जेवणानंतर चारपर्यंत कार्यक्रम ठेवायचाच नाही. हे लिहायला सोपं आहे. सुरुवातीला प्रत्येक यजमानाला भीती वाटते की पाहुणे कंटाळतील, आणि मग ट्रॅक्टरची फेरी, रस्सीखेच, संगीतखुर्ची असं भरत जातात. लिंबाखाली चार बाजा टाकाव्यात, वर एकेक गोधडी, आणि आपण तिथून निघून जावं. पहिली वीस मिनिटं लोक मोबाइल बघतात. तासाभराने बघावं तर सगळे झोपलेले असतात, आणि संध्याकाळी हेच लोक सांगतात की अशी झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती. बाजेची सुंभ मात्र दर महिन्याला ताणून घ्यावी, सैल बाजेवर कंबर धरते.

चारनंतर बैलगाडी. सहापेक्षा जास्त माणसं बसवत नाही, ओढणी आणि साडीचा पदर चाकापासून आत घ्यायला सांगतो. मुलांवर लक्ष ठेवायचं ते मात्र गोठ्याजवळ. त्यांना गाईला हाताने चारा घालायचा असतो, आणि हाताशी काय असतं तर कणसं तोडलेल्या ज्वारीच्या बुडाला आलेले हिरवेगार कोवळे फुटवे. ते गाईने खाल्ले तर किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा होते, जनावर तासाभरात जातंही. मोठ्या झालेल्या ताटांचा कडबा चालतो, कोवळा फुटवा नाही. म्हणून गोठ्याच्या दाराशी मक्याचा किंवा गवताचा कापलेला चारा पाटीत भरून ठेवतो. ‘यातलाच घाला’ एवढं सांगितलं की पुरतं. दिवस मावळल्यावर मुलांना एकटं बाहेर सोडत नाही. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आता नवा राहिलेला नाही.

मुंबईहून येणाऱ्यांचा थंडीवर विश्वास बसत नाही. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा रात्री आठ-दहा अंशांवर येतो आणि ते पातळ जॅकेट घालून आलेले असतात. माणशी एक गोधडी खाली, दोन वर, आणि ज्याला चालते त्याला घोंगडी. गोधड्या दर सोमवारी उन्हात पडल्या पाहिजेत. दवाच्या दिवसांत दोन आठवडे घडीत राहिलेल्या गोधडीला कुबट वास येतो. धाब्याच्या खोल्या उबदार राहतात, त्या म्हाताऱ्या माणसांना देतो. तंबूत झोपणारे थंडीने सगळ्या चेनी बंद करून घेतात, आणि पहाटे तक्रार येते की तंबू गळतो. तो गळत नाही. आतल्या श्वासाची वाफ थंड कापडावर धरते आणि ठिबकते. वरची जाळी चार बोटं उघडी ठेवली की थांबतं. शेकोटीतला निखारा शेगडीत घालून खोलीत न्यायला मात्र सक्त मनाई. बंद खोलीत निखाऱ्याच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेत माणसाला कळतही नाही.

रात्री अंगणातला हॅलोजन बंद. पायवाटेला गुडघ्याएवढ्या उंचीवर पिवळे दिवे पुरतात. अमावस्येच्या आसपासचा शनिवार असेल तर कृत्तिका, मृग आणि व्याध कोणालाही शिकवावे लागत नाहीत, मान वर केली की दिसतात. दिवे कमी म्हणून प्रत्येक खोलीत बॅटरी. चप्पल-बूट घालण्याआधी झटकायचे आणि अनवाणी शौचालयाकडे जायचं नाही, हे झोपण्यापूर्वी एकदा सांगतो. हिवाळ्यात घोणस उन्हाला आणि कडब्याच्या गंजीकडे येते. खोल्यांच्या भोवती दहा फुटांत गवत आणि पालापाचोळा ठेवत नाही. सर्पदंशावरचं प्रतिविष कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे याची आठवड्याला फोन करून खात्री करून घेतो. ही सवय प्रत्येक यजमानाने लावून घ्यावी.

रविवारी दूध काढायचा कार्यक्रम सहाला. सगळे येऊ पाहतात, पण एका वेळी तिघेच. अनोळखी माणसांचा गलका झाला की गाय पान्हा चोरते, आणि मग दोन दिवस दुधाला मार बसतो. फ्लॅश नाही, मोठ्याने बोलणं नाही, कासेला हात लावण्याआधी तो कोमट पाण्याने धुतलेला हवा. ज्यांना भिगवणला रोहित पक्षी बघायचे असतात ते त्याआधीच निघालेले असतात. डिकसळ, कुंभारगावला होड्या सूर्योदयाच्या सुमारास सुटतात. इथे एक गोष्ट खरी सांगावी लागते. उजनी काठोकाठ भरलेली असेल तर डिसेंबरात रोहित फार दिसत नाहीत. त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो, पाणी ओसरेल तसे ते वाढतात. तेव्हा फेब्रुवारीत या, किंवा त्याऐवजी रेहेकुरीची काळविटं बघा, नाहीतर राशीनला यमाईच्या देवळासमोरच्या हलत्या दीपमाळा. तिन्ही एका सकाळी करायला निघालेली कुटुंबं दुपारी आल्यावर जेवताना बोलतही नाहीत, इतकी दमलेली असतात.

या सकाळच्या फेरीचा आणखी एक उपयोग आहे, तो पाहुण्यांना सांगत नाही. अंघोळीला साडेसात ते साडेनऊ या दोनच तासांत सगळ्यांना पाणी हवं असतं. थ्री फेज वीज आठ तास, तीही कधी रात्रीची. त्यामुळे दोन हजार लिटरची टाकी शुक्रवारीच भरून घेतो. पण गरम पाणी साठवता येत नाही. सोलर धुक्यात कोमटच राहतो, तांब्याचा बंब एका पेटवणीत तीन-चार अंघोळी देतो. निम्मे लोक भिगवणला गेले की ते अकरानंतर, उन्हं चढल्यावर अंघोळ करतात, आणि कोणालाच थंड पाणी मिळत नाही.

अवकाळी पावसाचा उपाय नाही. हुरड्यात आलेल्या कणसावर दोन दिवस पाऊस पडला की दाणा काळवंडतो, वास धरतो. बुधवारी-गुरुवारी आभाळ भरलं की पाहुण्यांना फोन करून सांगायचं की हुरडा मिळणार नाही. मुक्काम हवा असेल तर या, नाहीतर आगाऊ रक्कम परत. निम्मे तरी येतात. त्यांना ओल्या हरभऱ्याचा हावळा भाजून देतो. त्यासाठीही वेगळी पेरणी लागते. ऑक्टोबरात ज्वारीच्या शेवटच्या तुकड्याशेजारी दोन गुंठे हरभरा टाकून ठेवायचा, तो याच आठवड्यासाठी.

सोमवारी आगटीची राख चाळून भाजीच्या वाफ्यात जाते, गोधड्या तारेवर पडतात, आणि पुढच्या शनिवारसाठी नख घेऊन रानात शिरावं लागतं.